जित्याची घागर

१४ एप्रिल

बाई,

पोचले. नमस्कार शेवटी लिहीन, तोवर मनात आला तर.

ज्या फोनवर आपल्या घरी ती बातमी आली तो तुम्ही कानाला लावत नाही, आणि मी तुमच्याशी बोलत नाही. तेव्हा कागदच बरा. मी इथून लिहीन, कागदाचा फोटो खुशीला पाठवीन आणि ती तुम्हाला वाचून दाखवेल. तुमची नात मराठी वाचताना हिंदीच्या चालीत वाचते, ठेच लागल्यासारखी मध्येच थांबते, तेवढं सोसून घ्या. बालाघाटच्या कॉलेजात सगळा कारभार हिंदीतच, तिचा काय दोष.

(खुशी, असं कंसात लिहिलेलं असेल ते फक्त तुझ्यासाठी. आजीला वाचायचं नाही. आणि तिथे थांबायचंही नाही, नाहीतर तिला कळेल. तुझ्या आजीला डोळ्यांनी कमी दिसतं, पण कानांना सगळं कळतं.)

फलोदीच्या स्टेशनवर भैयालाल घ्यायला आला होता. तुम्हाला आठवत असेल, उकव्याचा, भरवेलीच्या खाणीत खुशीच्या बाबांसोबत ड्रिलच्या मशीनवर होता. रामपायलीच्या जत्रेला येऊन तुमच्या हातचे वडे खाऊन गेलेला. इथे सौर प्लांटचे खांब रोवायला मशीनवाले हवे होते म्हणून दोघं बरोबरच निघाले होते. मला पाहून पहिलं वाक्य म्हणाला, "भाभी, आता काहून आल्या? वर्ष व्हाले आलं." मी म्हटलं, सासूबाई अंथरुणाला लागल्या होत्या, त्यांचं करायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून.

हे टोमणा म्हणून लिहिलं नाही. असेल थोडा.

तुम्ही महागू भावजींच्या तोंडी निरोप दिलात की अक्षयतृतीयेपर्यंत नूतनला काय शोधायचं ते शोधू दे, त्या दिवशी मी माझ्या लेकाची घागर भरणार म्हणजे भरणार. माझं उत्तर इथून देते. भरायची नाही. घागर मेलेल्याची भरतात. ते वाळवंटात गेले आणि परत आले नाहीत, एवढंच आपल्याला ठाऊक आहे. ना कोणी पाहिलं, ना काही सापडलं. माझ्या कपाळावर कुंकू आहे तोवर त्या घरात त्यांच्या नावाची घागर भरली जाणार नाही. तुम्ही एकदा भरलीत तेवढी पुरे झाली.

मी पाहिलं होतं, बाई. मामंजी माघात गेले. पहिल्या अक्षयतृतीयेला त्यांची घागर मुलाच्या हातून भरायची, आणि मुलगा येतो येतो म्हणून आलाच नाही. पत्रावळी मांडून झाल्या, चिंचवणी झाकून ठेवली, शेवटी महागू भावजींनी पुतण्या म्हणून घागर भरली. सगळे उठल्यावर तुम्ही दुसरी घागर पुढे ओढलीत, घरात प्यायला आणलेली, नवी. तिच्यात पाणी ओतलंत आणि म्हणालात, "बापाले पानी द्याले नाही आला. मले बी तो मेलाच. घे प्रीतम, तू बी पी." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तुम्हाला वाटलं कोणी नाही.

त्याच महिन्यात ते हरवल्याचा फोन आला. तेव्हा मी जे म्हणाले, की तुम्हीच मारलं त्यांना, ते शब्द परत घ्यायला मी अजून तयार नाही.

नूतन

१७ एप्रिल

बाई,

खुशी सांगते, पत्र ऐकून तुम्ही एवढंच म्हणालात, "कागद लय मोठा लिवला." हाही मोठाच आहे.

मी रोज उजाडताना निघते. प्लांटच्या तारेला वळसा घातला की वाळू सुरू होते. पहिल्या दिवशी चप्पल घालून गेले आणि हसं करून घेतलं. भैयालालच्या बायकोनं तिचे बूट दिले, ते बोटाला चावतात, पण चालतंय.

या मुलखाशी माझं जमेल असं वाटत नाही. आपल्याकडे पाय टाकला की चिखल तरी वाजतो, नाहीतर पान तरी. चंदन नदीवर कोणीतरी धुणं आपटत असतं, कोणी बैलाला शिव्या देत असतं. इथे पावलाचा आवाजसुद्धा वाळू पिऊन टाकते. मागे वळून पाहिलं की आपल्याच पावलांची रांग, आणि वारा सुटला की तीही नाही. आपण इथवर आलो होतो याचा पुरावाच उरत नाही.

ऊन चढलं की प्लांटच्या काचा चमकायला लागतात. तुमचा मुलगा फोनवर सांगायचा ते आठवतं? "दुरून पाह्यलं तं रोवणीच्या आधीच्या बांध्या वाटतात, पानी भरलेल्या. जवळ गेलं तं काच." तुम्ही तेव्हा हसला होतात. खरंच भाताच्या भरलेल्या शेतांसारखं दिसतं. मला दोनदा वाटलं की आता बेडूक ओरडेल.

पोलिसांनी मागच्या वर्षी सडकेच्या बाजूला शोधलं. परक्या मुलखात वैतागलेला माणूस सडकेकडेच जाणार, असं सगळ्यांनी धरलं. आता भैयालाल म्हणतो, ते सडकेकडे नव्हते गेले. उगवतीकडे गेले, तारेच्या मागून, पाण्याची कॅन घेऊन. महागू भावजी तेव्हा शोधायला इथे आले होते, त्यांना हे का नाही सांगितलं, विचारलं तर मान खाली. म्हणून मी उगवतीकडे जाते. याहून जास्त काही कळलेलं नाही.

(खुशी, कळलं आहे. त्या दुपारी ऊन पन्नासाच्या घरात गेलं म्हणून काम थांबवलं होतं. आभाळ पिवळं झालं होतं. बाबा उठले आणि त्यांनी कॅन घेतली. भैयालालनं विचारलं कुठे, तर म्हणाले, "घागर भरून येतो." इथे घागर कुठली? सगळे बाटलीतलं पाणी पितात. भैयालालला वाटलं उन्हानं डोकं फिरलं. तो अडवायला उठला तेवढ्यात आंधी आली, हाताला हात दिसेना. मला म्हणाला, "मानूस घागर घागर करत गेला, हे घरच्याइले कसं सांगू भाभी?" म्हणून त्यानं वर्षभर कोणाला सांगितलं नाही.

हे ऐकताना मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. ती दुसरी घागर, आणि आजीच्या तोंडी त्यांचं नाव. तिने बोलावलं आणि ते उठून गेले. अंगणवाडीत मी बायकांना सांगते की नजरबिजर काही नसतं, लेकराला डॉक्टरकडे न्या. मीच सांगते. पण आता इथे कोणी कॅनमध्ये पाणी ओतलं की तो बुडबुड आवाज मला ऐकवत नाही, मी उठून बाहेर जाते. आजीला हे कळलं तर ती अन्नपाणी सोडेल. तिला कधीच सांगायचं नाही.)

जेवत जा. औषध खुशी देईल.

नूतन

२१ एप्रिल

बाई,

खुशीनं तुमचं बोलणं जसंच्या तसं लिहून पाठवलं आहे. "नूतनले लिव. तो सपनात येते. ओठ फुटले रायते त्याचे. पानी मांगते, अन् मी दिलं तं घेत नाही. म्हनते, तुह्या हातचं पानी मेल्याचं आहे. जित्याची घागर भरून चुकली मी, आता मेल्याची तरी भरू दे मले."

वाचून मी फोन उलटा ठेवला आणि पोळ्या लाटायला बसले. मग परत वाचलं. तुम्ही चुकले म्हणालात. इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला, तोही दुसरीच्या अक्षरात. दगडाला पाझर फुटला म्हणून मी तुम्हाला चिडवलं असतं, पण इथे राहून पाझराची चेष्टा करवत नाही.

तरीही माझं उत्तर तेच आहे. स्वप्नात येणारा माणूस मेलेलाच असतो असं नाही. माझ्या स्वप्नात तर तुम्हीसुद्धा येता.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगावीशी वाटते, का ते कळत नाही. इथे शोधायचं म्हणजे हाक मारावी लागते. पहिले दिवस मी नुसती 'अहो, अहो' करत हिंडत होते. एवढ्या मोठ्या रानात 'अहो'ला कोण ओ देणार? परवा थांबले, पदर सारखा केला, आणि नाव घेतलं. लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा. जीभ वळेना. मागेपुढे यमक नाही, तोंडाला पदर लावून हसणाऱ्या बायका नाहीत, नुसतं नाव. प्रीतम. मग जोरात. मग घसा बसेपर्यंत.

उकव्याच्या डोंगरात हाक मारली की डोंगर परत देतो. इथे परत येत नाही. इथे ठेवून घेतात. मला अगदी तसं वाटलं, की कोणीतरी ऐकलं आणि ठेवून घेतलं.

मी खाली बसले. वरची वाळू तापायला लागली होती, पण बोटं खाली घातली तर गार. एक काळा किडा माझ्या बुटाला वळसा घालून गेला, त्याच्यामागे कच्चा टाका घातल्यासारखी बारीक ओळ. रुईच्या झुडपात थोडा वारा होता. आणि बाई, एकाएकी असं वाटलं की हा सगळा मुलूख जागा आहे. मी बसले आहे हे त्याला माहीत आहे. ते म्हणजे तुमचा मुलगा, असं मी म्हणत नाही. ते त्यांच्याहून फार जुनं काहीतरी होतं, आणि त्याच्यात कुठेतरी तेही असावेत. रामपायलीच्या रामासमोर मी इतकी वर्षं हात जोडले, खरं सांगते, मनात संध्याकाळची भाजी असायची. इथे हात जोडलेले नव्हते आणि मन मात्र जागेवर होतं. खूप रडले. भीतीही वाटत होती, पण उठून पळावं अशी नाही. देवासमोर जशी वाटायला हवी, आणि मला कधी वाटली नाही, तशी.

तुम्ही म्हणाल, सुनेला ऊन लागलं. लागलं असेल.

(खुशी, परत येताना माझ्यामागे कोणीतरी चालत होतं. मी थांबले की थांबायचं, चालले की चालायचं. वळून पाहिलं तर वाळूत माझ्याच बुटांचे ठसे. मला वेड लागलेलं नाही. भैयालालला विचार, मी जेवते, झोपते. तू परीक्षेकडे लक्ष दे.)

घागरीचं मनातून काढा.

नूतन

२६ एप्रिल

बाई,

मी धडधाकट आहे, हे आधी. पुढचं ऐकताना घाबरू नका. खुशी, आजीला पाठीला उशी दे आणि मग वाच. या पत्रात कंस नाहीत.

परवा मी फार लांब गेले. रोज एक ठरावीक टेकाड आलं की वळायची, त्या दिवशी वळले नाही. वारा सुटला आणि मागची पावलं पुसली गेली. तोवर मी धीरानं घेत होते. मग पाहिलं तर काचांची चमक दोन्हीकडे दिसत होती, उजवीकडेही आणि डावीकडेही. बाटली रिकामी झाली होती. आपण वैनगंगेच्या मुलखातली माणसं, आपल्याला तहान म्हणजे काय ते ठाऊकच नाही. आपण तहान लागली म्हणतो तेव्हा आपल्याला पाण्याची नुसती आठवण झालेली असते. इथे जीभ टाळूला चिकटली आणि समोर रोवणीच्या बांध्या चमकत होत्या, लांबच लांब, मी तिकडे चालत सुटले.

चालता चालता मनात आलं की तेही असेच चालले असणार. तिथेच पाय थांबले.

मी बसले. मागे चालणारंही थांबलं. मागच्या पत्रात लिहिलेलं ते पुन्हा आलं, या वेळी जवळ. या वेळी भीती अजिबात नव्हती. वाटलं, यानं त्यांना घेतलं असेल तर रागानं नाही घेतलं. याला राग माहीतच नसावा. मलाही घ्यायचं असेल तर घे, पण माझी पोर आहे घरी, आणि एक म्हातारी आहे. म्हातारी म्हटलं मी, बाई, हो. तुमचं नाव तिथे माझ्या मनात आलं, आणि मी वर्षभर तुमच्याशी बोलले नव्हते.

तेवढ्यात डोक्यावरून होले गेले. आधी दोन, मग तीन, मग आणखी, सगळे एकाच दिशेला, काचांकडे पाठ करून. पाखरं उन्हाची उगाच एका वाटेनं जात नाहीत. मी उठले आणि त्यांच्या मागे गेले.

एक झाड होतं. इथे खेजडी म्हणतात, आपली शमीच ती, दसऱ्याची. तिच्या बुंध्याशी मातीची घागर गळ्यापर्यंत वाळूत पुरलेली, तोंडावर चपटा दगड, बाजूला मातीच्या थाळीत पाणी आणि थाळीभोवती होले. मी गुडघ्यावर बसले तरी ते उडाले नाहीत, नुसते सरकून बसले. मी दगड बाजूला केला आणि ओंजळीनं प्याले. कोणाची घागर, कोणी भरली, काही विचार नाही. पाणी गार होतं.

मग शेळ्या आल्या आणि शेळ्यांच्या मागून एक म्हातारी. पलीकडेच त्यांची चार झोपड्यांची वस्ती आहे, ढाणी म्हणतात. तिला सगळे माजीसा म्हणतात. ती मला घरी घेऊन गेली, ताक दिलं. मी हिंदीत विचारलं, ती घागर कुणाची? म्हणाली, "मशीनवाले की. थारे जैसा ही बोलता था. अपने बापू के नाम से रखी है."

मी पेला खाली ठेवला. नाव विचारलं. ती म्हणाली, प्रीतम.

मागच्या आखातीजेला, म्हणजे आपल्या अक्षयतृतीयेला, इथेही नवे घडे भरतात. त्या दिवशी भर दुपारी ते वस्तीवर आले आणि माजीसाकडे मातीचं भांडं मागितलं. म्हणाले, सुटी मिळाली नाही, आज मला माझ्या वडिलांची घागर भरायची आहे, पहिलीच आहे, आणि आमच्याकडे सगळं प्लास्टिक आहे. तिने घरातला कोरा घडा दिला. त्यांनी शमीखाली जागा झाडली आणि खिशातून मूठभर तांदूळ काढून त्यावर घागर ठेवली. इथे बाजरी ठेवतात, तिला हसू आलं. तिने ते सगळं मला करून दाखवलं, दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले ते, प्रेमलाल म्हणून नाव घेतलं ते. तिला ते नाव अजून पाठ आहे. बाई, मामंजींचं नाव त्या उजाड रानात एका परक्या बाईला पाठ आहे.

ऐकताय ना? त्यांनी भरली होती. तुम्ही ज्या दुपारी दुसरी घागर पुढे ओढलीत त्याच दुपारी त्यांनी इथे बापाला पाणी दिलं होतं. संध्याकाळी त्यांचा फोन वाजला तेव्हा तुम्ही म्हणालात, वाजू दे. मग ते मला फोनवर म्हणाले होते, "आईले मी समोर बसून सांगीन, फोनवर नाही." काय सांगणार ते मी विचारलं नाही. मलाही रागच होता.

त्यानंतर ते दर थोड्या दिवसांनी कॅन घेऊन यायचे आणि घागर भरून जायचे. माजीसा म्हणाली, रोजचं पाणी तिने घातलं असतं, पण ते ऐकायचे नाहीत. बापाच्या नावानं पाखरं पितात, म्हणायचे.

आता मी लपवलेलं सांगते. खुशीला मी वाचू नको म्हटलं होतं. त्या शेवटच्या दुपारी जाताना ते भैयालालला म्हणाले होते, "घागर भरून येतो." मला वाटलं, तुमची घागर. तुम्ही नाव घेऊन भरलेली, तीच त्यांना ओढून घेऊन गेली. तेव्हापासून मी तुमचा मनातल्या मनात किती दुस्वास केला ते कागदावर मावणार नाही. ती तुमची घागर नव्हती, बाई. ती मामंजींची होती.

आंधी रात्रभर होती. सकाळी माजीसानं पाहिलं तेव्हा घागर काठोकाठ भरलेली होती आणि दगड नीट ठेवलेला होता. म्हणजे ते पोचले होते. भरली, झाकली, आणि परत फिरले. परतीच्या वाटेवर जे व्हायचं ते झालं. माजीसाच्या वस्तीला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच दिवशी वस्तीवाले मेंढ्या घेऊन पाण्याच्या मुलखाला गेले आणि पाऊस पडल्यावर परतले. तेव्हापासून घागर ती भरते.

हे सगळं सांगून झाल्यावर ती माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "वो घर पहुँच गया ना?"

मी पेला उचलला आणि तसाच परत ठेवला. तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिली.

नूतन

३० एप्रिल, सकाळ

बाई,

मी ढाणीवरच राहिले आहे. आज इथे लग्नं आहेत, लांबून ढोल ऐकू येतो. माजीसानं मला नवा घडा दिला. तांदूळ भैयालालच्या बायकोनं दिले, उकव्याहून आणलेले.

उजाडताना शमीपाशी गेले. आधी मामंजींची घागर भरली. मग तिच्या शेजारी वाळू उकरली, तांदूळ ठेवले, नवी घागर ठेवली. पाणी ओतताना तो बुडबुड आवाज आला. मी कान झाकले नाहीत, शेवटपर्यंत ऐकला. दक्षिणेकडे तोंड केलं आणि नाव घेतलं. परवापर्यंत ते मी शोधायला घेत होते, आज द्यायला घेतलं. रानानं तेही ठेवून घेतलं. थोड्या वेळानं होले आले आणि प्यायला लागले.

मग मी टेकाडावर चढले, इथे फोन लागतो. मागे कोणीतरी चालतं अजून. आता मी थांबून पाहत नाही. चालू दे बरोबर.

तुम्हीच मारलं असं मी म्हणाले होते. ते शब्द परत घेते. तुम्ही घागर भरा. कुंकवाचं मी आल्यावर पाहीन, ते माझं मी ठरवीन, त्यात भावजींनी पडू नये.

खुशी, मागच्या पत्रांतले कंस आज आजीला वाचून दाखव. सगळे. काही गाळू नकोस.

नमस्कार शेवटी लिहीन म्हटलं होतं. करते, वाकून करते.

आणि बाई, आज ओतताना हात थरथरला तर घागर खुशीला धरू द्या, पण नाव तुम्हीच घ्या. मागच्या वर्षी शिवी दिल्यासारखं घेतलं होतं. यंदा ताट वाढून झाल्यावर अंगणातून हाक मारायच्या ना, तसं घ्या.

नूतन